हसू की दम

वेग : दुप्पट

श्रीलता वंगा गेली. वय त्रेचाळीस एसटीत कंडक्टर सोलापूर डेपो. आषाढात ताप आला तापानं हृदय सुजलं श्रावण संपायच्या आत गेली. मागे मुलगी साहिती एकोणीस वर्षांची खो-खो खेळते. मागे मैत्रीण वैजयंता लोखंडे जिल्हा परिषदेत लघुलेखक. मागे दोन लाख दहा हजार श्रोते. सहा महिन्यांनी मुलीच्या रक्तात एक खोट सापडली. ती खोट जीवघेणी आहे का कळेना. कळायचा एकच मार्ग आईचा जुना आवाज. जुना आवाज फक्त मैत्रिणीच्या फोनमध्ये. मैत्रिणीनं तो ऐकायचा आणि खरं काय ते सांगायचं.

झालं. मुद्दा कळला. आता पुढचं ऐकायची गरज आहे का?

पूर्वीची वैजयंता असती तर म्हणाली असती, नाही.

वेग : दीड

तिचा पेशाच मुळी मुद्दा काढण्याचा. जिल्हा परिषदेच्या सभेत ती पूर्वी वही-पेन्सिल घेऊन बसायची आणि लघुलिपीत उतरवून घ्यायची. पुढं यंत्रं आली. सभेतलं बोलणं यंत्र आपोआप लिहून काढू लागलं, आणि ते बरोबर आहे का एवढं कान लावून तपासायचं काम तिच्याकडे उरलं. सहा तासांची सभा सहा तास ऐकत बसलं तर फाईल हलायची कधी? म्हणून वेग दुप्पट, आणि वर 'शांतता काढा' हे बटण. सदस्यांचे खोकले, पाण्याचे घोट, 'आं... म्हणजे... अध्यक्ष महाराज', सगळं गळून पडायचं. उरायचा ठराव.

पंधरा वर्षांत ही सवय हाडांत शिरली. घरी बातम्या दुप्पट, कीर्तन दुप्पट. नणंद फोनवर बोलायला लागली की वैजयंताचा अंगठा नकळत ते बटण शोधायचा.

आणि श्रीलताचे निरोप.

दोघी नववीपासूनच्या. श्रीची आई विड्या वळायची. शाळा सुटली की श्री पानं कापायला बसायची आणि वैजयंता तिच्याशेजारी बसून उगाच एखादं पान कापायची, वाकडं. श्री बोलायची. पानं कापताना, पाणी भरताना, गणिताच्या तासाला. हसायचीसुद्धा उलटी. बाकीची माणसं हसताना हवा बाहेर टाकतात, ही आत ओढायची. सायकलच्या पंपानं हवा घ्यावी तसा एक आवाज, मग क्षणभर काही नाही, मग एकदम पुढचं वाक्य. नववीत सरांनी तिला दमा आहे समजून घरी पाठवलं होतं, आणि ती रस्ताभर त्याच आवाजात हसत गेली होती.

कंडक्टर झाल्यावर बार्शीला, तुळजापूरला गाडी थांबली की श्री फोन तोंडाशी धरायची आणि वैजयंताला निरोप पाठवायची. तीन मिनिटं, पाच मिनिटं, कधी नऊ. लिहिणं तिच्या प्रकृतीत नव्हतं.

"वैजे, तू माझं ऐकतेस की उरकतेस गं?" असं तिनं एकदा विचारलंही होतं.

"सगळं कळलं बाई. म्हातारीनं कोंबडीचं तिकीट काढायला नकार दिला."

"अगं, पण ती नाही कशी म्हणाली ते ऐकलंस का?"

"नाही म्हणाली ना? झालं की."

"तू भाकरीपण दुप्पट वेगानं भाजतेस काय? म्हणूनच तुझ्या घरी सगळ्यांची कच्ची!" आणि पुन्हा तो पंप.

हेच किस्से श्री 'ओटा'वरही टाकायची. ओटा म्हणजे आवाजाचं समाजमाध्यम. त्यावर चित्रं नाहीत, फक्त बोलणं. तिच्या सदराचं नाव 'पुढं सरका'. दोन मिनिटांचा किस्सा, शेवटी घंटीची दोरी दोनदा. अमेरिकेतली पोरंसुद्धा ऐकायची.

ओट्यावर कुठलाही आवाज चढला की त्याला आपोआप झिलई लागते. मागची गाडीची घरघर जाते. तोंडातला ओलावा, दोन शब्दांमधला श्वास, ओढलेली हवा, सगळं पुसून जागा सांधली जाते, आणि आवाजाला जराशी ऊब दिली जाते. लोकांना तसं आवडतं. ओट्यावरूनच जाणाऱ्या खासगी निरोपांना मात्र झिलई लावायची नाही असा कायदा आहे. तो आवाज जसाच्या तसा जातो, धुळीसकट.

श्री गेल्यावर ओट्यावर लोक दोन महिने रडत होते. अनोळखी माणसं 'पुढं सरका, ताई' लिहून दिवे लावत होती. कुणीतरी तिच्या हसऱ्या किस्स्यांची माळ करून तिच्याखाली बासरी वाजवली होती, आणि त्या माळेत तिचं हसू कुठंच नव्हतं. असणार कसं? ते तर श्वासात होतं. दर गुरुवारी ओटा वैजयंताला आठवण करून द्यायचा : 'तुमची मैत्रीण श्रीलता बऱ्याच दिवसांत बोललेली नाही. तिला साद घाला.' ही सूचना बंद करायचं बटण वैजयंताला ठाऊक होतं. ते तिनं दाबलं नाही. गुरुवारी कुणीतरी श्रीचं नाव घेतंय, एवढंच तिला पुरत होतं.

ती माळ तिनं एकदा लावून पाहिली. रडू आलं नाही. धुऊन इस्त्री केलेली साडी दांडीवर लटकावी तसा तो आवाज होता. नेसणारी नव्हती.

फोनमधले निरोप मात्र तिनं उघडले नाहीत. एक हजार एकशे त्रेचाळीस होते.

वेग : एक

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी साहिती आली. खेळाच्या कपड्यांतच, गुडघ्याला माती. हातात रुग्णालयाची फाईल. आजकाल कागदाची फाईल कुणी देत नाही. दिली म्हणजे गोष्ट साधी नाही, हे वैजयंताला दारातच कळलं.

"मावशी, चहा नको. बस आधी."

"तू बस. दमलीयस."

"दमले नाही मी!" साहिती एकदम कडाडली. मग हळू म्हणाली, "तेच तर आहे सगळं. दमते का, नाही दमत. मला कुणी दमलीस म्हणू नको."

महाराष्ट्राच्या संघात तिची निवड झाली होती. मार्चच्या एकवीस तारखेला शिबिर. संघात टिकली तर रेल्वेत नोकरी जवळपास ठरलेली. वडील सुरतेला यंत्रमागांवर कामाला गेले ते तिकडचेच झाले होते. अम्मा गेल्यापासून साहिती विडी घरकुल वसाहतीत एकटी राहायची, आणि तिच्याकडे पळण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. शिबिराआधी तपासणी झाली. रक्तात काहीतरी निघालं.

"अम्माचे तुझ्याकडचे निरोप पाहिजेत. मूळ. ओट्यावरचे चालत नाहीत, त्यात श्वास नाही म्हणतात डॉक्टर." ती थांबली. "माझ्याकडं अम्माचं काही नाही गं. आम्ही एका घरात राहायचो. निरोप कशाला पाठवेल ती मला?"

डॉ. तस्नीम बागवान यांच्या खोलीत खिडकी मोठी होती आणि बोलणं थोडकं.

"साहितीच्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे," त्यांनी सांगितलं. "आईचं रक्त रुग्णालयात ठेवलेलं होतं, त्यातही तेच अक्षर निघालं. पण हे अक्षर जगात इतक्या थोड्या लोकांत सापडलंय की ते घातक आहे की निरुपद्रवी, कुठंच लिहिलेलं नाही. मग आईकडेच बघायचं. तापाआधी आई ठणठणीत असतील, तर हृदय तापानं गेलं. ही मोकळी. पण हृदय आधीपासून हळूहळू थकत आलं असेल, तर दोष त्या अक्षराचा. मग हिला आजपासून औषध, छातीत एक छोटं यंत्र, आणि पळणं बंद. पळता पळता थांबू शकतं ते."

"पण आईंचं हृदय आता कसं बघणार?" वैजयंतानं विचारलं.

"ऐकणार. बोलायला हवा लागते, ताई. चांगला माणूस एका श्वासात बारा-चौदा शब्द बोलतो. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठायला लागतं, अगदी चमच्या-चमच्यानं. मग तो अकरा शब्द बोलतो, पुढच्या वर्षी नऊ. त्याचं त्याला कळत नाही. वाक्यं आपोआप आखूड होतात. घरच्यांना वाटतं, वय झालं, स्वभाव निवळला. रोज ऐकणाऱ्या कानाला हे कळत नाही. यंत्राला सगळी वर्षं एकदम दिली की कळतं. याला आम्ही श्वासलेख म्हणतो."

रुग्णालयाला निरोप पाठवताना ओट्यानं सगळी पेटी गुंडाळून एक फाईल केली. 'पाठवत आहोत' असं लिहून आलं, आणि खाली हिरवं पान उमललं :

या संवादात तुमचा वाचलेला वेळ
४१ तास १२ मिनिटे
अभिनंदन!

साहिती शेजारीच बसली होती. वैजयंतानं पडद्यावर तळहात ठेवला.

चार दिवसांनी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं.

"यंत्र दोनशे सोळा जागी अडलंय," त्या म्हणाल्या. "हवा आत ओढल्याचा आवाज, मग शांतता. यंत्र म्हणतं, दम. पण मग ते स्वतःच म्हणतं की सात वर्षांपूर्वीही असंच आहे, आणि तेव्हा आवाज अगदी निरोगी आहे. बाईंना काही सवय होती का?"

"हसायची ती. तशी."

"श्वास आत ओढून?" डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "यंत्राला हे कुणी शिकवलेलं नाही." मग त्यांनी आलेख वळवून दाखवला. पहिल्या चार वर्षांत ठिपके विरळ होते. शेवटच्या तीन वर्षांत मुंग्या लागाव्यात तसे. "म्हणजे एक तर बाई शेवटची तीन वर्षं फार आनंदात होत्या, नाहीतर..."

त्यांनी आलेख मिटवला.

"हे सांगायला त्यांचा आवाज आतून माहीत असलेलं माणूस लागतं. साहितीला देता येत नाही, निकाल तिचाच आहे. ती म्हणाली, माझ्या आईला वैजूमावशीइतकं कुणी ऐकलेलं नाही."

डॉक्टरांनी वैजयंताच्या फोनवर त्या जागांची यादी पाठवली.

"प्रत्येक जागी तीन बटणं. हसू. दम. सांगता येत नाही. तिसरं फार वापरू नका."

जिन्यात साहिती थांबली होती. तिनं वैजयंताची पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोन पायऱ्या पुढं राहून, न बघता म्हणाली, "अम्मा हसायची खूप. तुझ्याशी बोलताना तर जास्तच. सगळ्या हसण्याच्याच जागा असणार. हो ना गं?"

वेग : एक (तिला तो सोसवेना)

वैजयंतानं आठ दिवसांची रजा टाकली. सकाळी घरचे गेले की ती स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसायची, कानात फोनचं बोंड घालून.

पहिल्या दिवशी तिला एकही जागा ओळखता आली नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दोनशे सोळा जागा एकापाठोपाठ ऐकल्या आणि सगळ्या सारख्या. हवा आत. शांतता. शब्द. हसू की दम? जिच्या हसण्यावरून एकोणतीस वर्षं नकला केल्या, तिचं हसणं तिला ओळखता येईना. कसं येणार? सात वर्षं निरोपांतलं ते हसू तिनं ऐकलंच नव्हतं. 'शांतता काढा' या बटणाला हसू आणि दम यांतला फरक कळत नव्हता. दोन्ही शब्द नव्हते. दोन्ही ते काढून टाकायचं.

आणि सगळ्यांवर 'हसू' दाबलं तर? हा विचार तिला आला, चहा गाळताना, अगदी शांतपणे. पोरगी एकवीस तारखेला शिबिराला जाईल. आणि श्री तापानंच गेली असं ठरेल. म्हणजे तीन वर्षं वैजयंताच्या कानाशी काही घडतच नव्हतं. दोघींची सुटका एकाच बटणात होती.

चहा गार झाला. तिनं जागा सोडल्या आणि पहिल्या निरोपापासून सुरुवात केली. सगळे ऐकायचे. सत्तर तास.

अंगठा सारखा वेगाकडे जायचा. तिनं उजव्या हातात लसणीच्या पाकळ्या घेतल्या आणि सोलत बसली.

आणि मग हळूहळू तिला बसस्टँड ऐकू यायला लागला. इतकी वर्षं तिच्यापर्यंत श्रीची फक्त वाक्यं पोचली होती. त्यांच्या मधे एवढं मोठं गाव होतं याचा पत्ताच नव्हता. श्री बोलता बोलता फोनवर हात धरून लोकांना उत्तरं द्यायची. "नळदुर्ग? ती काय, लागलीय बघा." शेंगा फोडायची. टरफल खाली टाकायची नाही, पिशवीत टाकायची, पिशवी चुरचुरायची. एका निरोपात कुणाचं तरी तान्हं रडत होतं आणि श्री पूर्ण एक मिनिट फक्त "ओ ओ ओ" करत होती. वैजयंतासाठी त्या निरोपात काहीच मुद्दा नव्हता. तो निरोप तिनं तीनदा ऐकला.

वेग : अर्धा

निरोप चौसष्ट. सात वर्षांपूर्वीचा चैत्र.

"वैजे, मोहोळचा फौजदार चढला आज. तिकीट नको म्हणाला, मी पोलीस आहे. म्हटलं, साहेब, मी कंडक्टर आहे, मी उतरू काय?"

श्वास आत. शून्य दशांश नऊ सेकंद. शांतता, शून्य दशांश सहा.

"अन् अख्खी गाडी हसली की गं!"

निरोप सातशे दोन. सव्वादोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष.

"वैजे, आज काय गर्दी नव्हती फारशी."

श्वास आत. शून्य दशांश नऊ. शांतता, शून्य दशांश सहा.

"फारशी नव्हती. म्हणून बसून बोलतेय."

श्वास आत.

"बोलतेय आपली. साहितीला नवे बूट घेतले."

मोजमाप तेच. यंत्र अडणारच. पण पाचव्या दिवशी, लसूण संपल्यावर, वैजयंताला ते दिसलं. एकदा दिसलं आणि मग प्रत्येक ठिकाणी दिसायला लागलं. हसून झालं की श्री पुढं उडी मारायची. पुढचं वाक्य जिभेवर तयारच असायचं, हसू मधे आलेलं असायचं. दम लागला की ती मागं यायची. शेवटचा शब्द पुन्हा उचलायची, खाली पडलेलं नाणं उचलावं तसा, आणि तो हातात धरून पुन्हा निघायची. फारशी नव्हती. बोलतेय आपली.

दुप्पट वेगात, शांतता काढून, ते असं ऐकू यायचं : फारशी नव्हती फारशी नव्हती बोलतेय बोलतेय आपली. वैजयंताला वाटायचं, ही हल्ली फार घोळवते. एकदा तिनं तसं लिहिलंही होतं. 'एकच गोष्ट दोनदा सांगू नको गं, समजतं मला.'

त्यानंतरचे बावीस निरोप आखूड होते. श्री जपून बोलत होती.

निरोप एक हजार एक्क्याण्णव. तिच्या जाण्याआधी पाच महिने. वैजयंताला तेव्हा हा असा ऐकू आला होता : 'वैजे काही नाही गं उद्या सांगते.' दोन सेकंद. प्रत्यक्षात 'वैजे' आणि 'काही' यांच्यामध्ये अकरा सेकंद होते.

पहिला सेकंद. काही नाही.
दुसरा. लांब कुठंतरी गाडीचा ब्रेक सुस्कारतो.
तिसरा. श्वास आत.
चौथा. तोच श्वास, अजून आत, पुरत नाही.
पाचवा. 'म'. किंवा 'मला'. ओठ मिटतात.
सहावा. थुंकी गिळल्याचा आवाज.
सातवा. श्वास आत.
आठवा. फोनवर तळहात. सगळं बोथट.
नववा. तळहाताच्या पलीकडून, दुसऱ्याच कुणाला : "हं, बसा की आजी, बसा."
दहावा. तळहात निघतो.
अकरावा. तिनं ठरवलेलं असतं.

"काही नाही गं. उद्या सांगते."

उद्याच्या निरोपात बुटांचं होतं, डाळीच्या भावाचं होतं. ते नव्हतं.

खाली वैजयंताचं उत्तर अजून होतं. एक अंगठा. वर केलेला.

ती उठली. खिडकी लावली, पुन्हा उघडली. शेजारीण विचारत होती, मिरच्या वाळत घातल्यात का? वैजयंता म्हणाली, हो. मग स्वयंपाकघराच्या फरशीवर ती अशी बसली जशी कधी बसली नव्हती, आणि कधी नव्हे ते मोठ्यानं, गळा काढून, श्रीलताच्या नावानं रडली. सहा महिने अडलेलं होतं. रडता रडता मधे श्वास घ्यावा लागत होता, आणि तो प्रत्येक श्वास तिला ऐकू येत होता.

आठव्या दिवशी दुपारी हिशेब असा होता. हसू, एकोणचाळीस. दम, एकशे एकाहत्तर. सांगता येत नाही, सहा. पहिला खात्रीचा दम तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वीचा.

'पाठवा' हे बटण तिनं दाबलं नाही. साहितीला हे कागदावरून कळू द्यायचं नव्हतं.

वेग : जसा आहे तसा

मैदानावर साडेपाचला सराव रंगात आला होता. साहिती पळत होती, आणि खो मिळेल तशी एकेकजण तिच्या मागं उठत होती. वैजयंता कडेला उभी राहिली. साहिती खांबाला धरून वळली, मागचीचा हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून गेला, ती दोन बसलेल्यांच्या मधून निसटली, वाकली, उलट फिरली. पोरी ओरडत होत्या. प्रशिक्षक घड्याळ बघून ओरडले, "तीन मिनिटं पन्नास! अजून आतच आहे!" शेवटी एकीनं सूर मारून तिला बाद केलं आणि दोघी धुरळ्यात हसत पडल्या.

इथून परत जाता आलं असतं. फोन पिशवीत होता. एकशे एकाहत्तर जागांवर एकशे एकाहत्तरदा बोट, की सगळं हसू.

साहितीनं तिला पाहिलं. ती उठून आली, कमरेवर हात, छाती वरखाली.

"झालं ऐकून?"

"झालं."

"मग? हसू ना?"

वैजयंतानं मान हलवली. "एकोणचाळीस जागी. बाकी नाही."

साहितीनं मैदानाकडे तोंड फिरवलं. कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. तिनं हात वर करून थांब म्हटलं.

"तुझी चूक होत असेल. यंत्राला कळत नाही, तुला कसं कळलं?"

"दम लागला की ती शेवटचा शब्द पुन्हा म्हणायची."

"ते सगळेच म्हणतात."

"आधी म्हणत नव्हती. तीन वर्षांपूर्वी लागलं तिला ते."

"तीन वर्षं?" साहिती वळली. "तीन वर्षं ती तुला रोज सांगत होती, आणि तुला तेव्हा नाही ऐकू आलं? तू तर रोज ऐकायचीस! ती म्हणायची, वैजी माझं सगळं ऐकते."

वैजयंतानं वाक्य घरून जुळवून आणलं होतं. ते बाजूला ठेवून ती बोलली.

"दुप्पट वेगानं ऐकायचे मी. मधली शांतता काढून. ती जिथं दम घ्यायची ना, तेवढंच मी कापून टाकायचे. मला मुद्दा पाहिजे असायचा."

साहितीच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही. मग आलं ते वैजयंताला पाहवलं नाही, पण तिनं डोळे काढले नाहीत.

"मी घरात होते," साहिती म्हणाली. "मी त्याच घरात होते. मला तरी कुठं..." आणि ते वाक्य तिनं सोडून दिलं. पायानं माती उकरली. "पाठवलंस डॉक्टरांना?"

"अजून नाही."

"मग बदल की." आवाज लहान झाला होता, सात-आठ वर्षांच्या पोरीसारखा. "बदल ना, मावशी. कोण तपासणार आहे? मी जपून पळेन. एवढं शिबिर होऊ दे. रेल्वेचं होऊ दे. मग मी स्वतः जाते त्यांच्याकडे, अम्माशपथ."

"साहिती."

"तुझं काय जातंय गं?"

"तुझ्या अम्माला उरकलं मी," वैजयंता म्हणाली. "तुला नाही उरकणार."

तिनं फोन काढला आणि साहितीच्या समोर, तिला दिसेल असा धरून, बटण दाबलं. पडद्यावर 'पोचलं' असं आलं. साहितीनं तिच्या हातावर फटका मारला. फोन मातीत पडला. तो कुणीच उचलला नाही.

मग साहिती खाली बसली. आधी गुडघ्यांवर, मग पूर्ण. वैजयंताही तिच्याशेजारी मातीत बसली, इस्त्रीच्या साडीनं. पोरी लांबून बघत होत्या. प्रशिक्षक दोन पावलं पुढं आले आणि थांबले.

"माझा ऐक," साहिती म्हणाली.

"काय?"

"श्वास. आत्ता पळून आलेय मी. तुला कळतं ना आता? मग ऐक. अम्मासारखा आहे का सांग."

तिनं वैजयंताचं डोकं धरलं आणि आपल्या पाठीला लावलं. बनियन घामानं चिंब होतं. आत धडधडत होतं, जोरात, तरुण. हवा येत होती, जात होती. मधे कुठं तरी ती अडकायची, आणि ते रडणं होतं, की पळणं, की तिसरंच काही, हे कळायला वेळ लागणार होता. मैदानावर पुन्हा खेळ सुरू झाला. कुणीतरी खो दिला. कुणीतरी बाद झालं. उन्हं खांबांवरून खाली उतरली.

"कसा आहे?"

वैजयंतानं कान हलवला नाही.

"थांब," ती म्हणाली. "अजून ऐकतेय."